एर्सिलियाच्या मीटरभर उंच खडावा

एर्सिलिया कोल्झानी खडावा करायची. दुकान नवऱ्यानं सुरू केलेलं. नवरा गेल्यावर हिनं चालवलं, आणि खरं सांगायचं तर त्याच्यापेक्षा चांगलं चालवलं. हे ती स्वतःच सांगायची. "तेरेझिओचा हात बरा हुता, पन माजा चांगला," असं तिनं तेरेझिओच्या मयताला जमलेल्या लोकांनाही सांगितलं होतं. पाद्रीबुवांना खोकल्याची उबळ आली होती तेव्हा.

मिलानजवळच्या ब्रियांझा भागातल्या आमच्या गावात ज्याच्या त्याच्या हातात रंधा. कुणी खुर्च्यांचे पाय करतो, कुणी पाठी करतो, कुणी नुसते खणच करतो आणि आयुष्यभर तेच करतो. मीही कोल्झानींच्या घराच्या चौकातल्याच एका खोलीत राहून पॉलिशचं काम करायचे. अशा गावात खडावा करणारीला कोण विचारतो? सुतार स्वतःला कारागीर म्हणवून घ्यायचे. एर्सिलिया म्हणजे त्यांच्या लेखी लाकूडतोड्या आणि जोडेवाला यांच्या मधलं काहीतरी. शरद ऋतूत फर्निचरचं प्रदर्शन भरायचं, तेव्हा सगळ्यांचे गाळे मांडवात आणि हिची चटई फाटकाबाहेर चिखलात.

त्यात बाजारात रबरी सपाता आल्या. लाल, हिरव्या, पिवळ्या. पोरी त्या घालून चर्चच्या पायऱ्या चढायला लागल्या आणि खडावांचा तो टकटक आवाज गावातून कमी कमी होत गेला. एर्सिलिया पोरींना दारात उभं राहून हाका मारायची, "अगं, बेडकाचं कातडं घालून कुटं चाललीस? पाय कुजतील की!" पोरी हसायच्या आणि पुढे जायच्या.

तिचं दुकान चौकाच्या मोठ्या दरवाजाला लागून, रस्त्याकडे तोंड करून होतं. तिचा दीर एजिदिओ याचा त्या जागेवर फार दिवस डोळा. चौकाच्या मागच्या अंगाला त्याची मोठी सुतारशाळा होती. सिंहाच्या पंजांची कपाटं, वेलबुट्टीचे पलंग, सोनेरी मुलाम्याच्या आरशाच्या चौकटी, असला माल. माणूस वाईट नव्हता. पण आपला माल मागल्या अंगाला, अंधारात पडलेला असतो आणि रस्त्यावरच्या जागेत वहिनी लाकडाच्या ढलप्या उडवत बसते, याचा त्याला त्रास व्हायचा. घर दोघा भावांचं सामाईक, त्यामुळे बोलण्याचा हक्कही होता.

उन्हाळा सरताना एका रविवारी जेवणावर विषय निघाला. एजिदिओ पोलेंताचा, म्हणजे मक्याच्या घट्ट शिजवलेल्या पिठाचा, तुकडा मोडत म्हणाला, "वहिनी, म्हैन्यात तुज्या किती जोडी जात्यात?"

"तुज्या कपाटांपेक्षा ज्यास्ती."

"कपाट एक आनि खडावा एक, ह्ये काय सारकं हाय व्हय?"

"न्हाईच. खडावा चालतीया. तुजं कपाट जागचं हालत न्हाई."

सगळे हसले. एजिदिओ हसला नाही. त्यानं सरळ सांगितलं, मला तिथं मोठी काच लावून शोरूम करायची आहे. तू माझ्याकडं ये, सिंहाचे पंजे घासायला बायका कमी पडतात, सावलीत बसून काम आहे.

एर्सिलियानं चमचा ठेवला. रागाच्या भरात ती नेहमी आपल्याच पायावर धोंडा पाडून घ्यायची. तसंच झालं. "आइक भावजी," ती म्हणाली. "सां मार्तीनोच्या दिशी माज्या दारातनं माज्या मालाची गाडी भायेर पडली, तर दुकान माजं. पुन्यांदा ह्यो इषय काडायचा न्हाई. आनि न्हाई पडली, तर किल्ली तुज्या हातात देती आनि तुज्या सिंहाची नखं कापत बसती. जा."

सां मार्तीनोचा सण येतो नोव्हेंबरात. शेतांचे करार त्या दिवशी संपतात, आणि ज्याला घर बदलायचं तो त्याच दिवशी बदलतो. रस्ताभर गाद्या, चुली, कोंबड्या लादलेल्या गाड्या. त्या दिवशी एका घरातून माणूस निघालं तर निघालं. एजिदिओनं लगेच हात पुढे केला. "कबूल?"

"कबूल."

सिंहाचे पंजे घासायचे म्हणजे काय, हे मला माहीत होतं. मी त्यांना पॉलिश करायचे. एर्सिलियासारखी बाई तिथं आठ दिवसांत सुकून गेली असती.

मग तो फोन आला.

फोन गावात एकच, ओरेस्तेच्या बारमध्ये. नेमकी त्याच वेळी मालगाडी चालली होती, आणि ओरेस्ते एका कानात बोट घालून ओरडत होता, "कोन? मिलान? कोल्झानी? व्हय व्हय, हायत की!" फोन ठेवला आणि तो थेट एर्सिलियाच्या दारात येऊन थडकला.

"एर्सिलियाक्का! मिलानवरनं काम आलंय. सहा झोक्कोली."

इथं एक गोष्ट सांगायला हवी. झोक्कोलो म्हणजे खडावा. आमच्या सुतारांच्या बोलीत कपाटाखाली जी पट्टी मारतात तिलाही झोक्कोलो म्हणतात. पण बैठकीच्या खोलीत फुलदाणी नाहीतर पुतळा ठेवायला जो उभा ठोकळा लागतो, त्याला आमच्याकडे खांबच म्हणतात. मिलानची शिकलेली माणसं मात्र त्यालाही झोक्कोलो म्हणतात. हे ओरेस्तेला कुठून ठाऊक असणार? सुटी पट्टी कुणी मागवत नाही, म्हणजे खडावा. आणि खडावा म्हणजे एर्सिलिया.

"सहा म्हंजे तीन जोड," एर्सिलिया म्हणाली. "माप काय?"

ओरेस्तेनं हात छातीपाशी नेला. "मीटरभर उंच."

"लांब म्हन."

"उंच म्हनाली ती बाई. मी दोनदा इचारलं. वरनं सपाट, नक्षीबिक्षी काय नको, रंग नको, नुसतं लाकूड. घरात मांडायला, लोकांस्नी दावायला."

संध्याकाळी बारमध्ये दुसरा विषय नव्हता. एक म्हणाला, मिलानमध्ये राक्षसीण राहायला आली असेल. दुसरा म्हणाला, एर्सिलिया, जोडीबरोबर एकेक शिडीपण दे, नाहीतर चढणार कशी? पोस्टमन नाझारेनो, ज्याचा एक पाय लढाईत गेला होता, तो म्हणाला, "मला त्यातली उजवी दे. कुबडी वाचंल."

एर्सिलियानं सगळ्यांना बोलू दिलं. मग म्हणाली, "अरं गाढवांनो, व्हेनिसच्या बड्या बायका एके काळी हातभर उंच खडावा घालून चिखलातनं जायच्या. माज्या आजीनं त्या बगितल्या हुत्या, जुन्या सामानाच्या बाजारात. मिलानात नाटकवाली मानसं हायत, त्यांस्नी तसलं काय तरी पायजे आसंल. मीटर म्हनलीया, मीटर करनार. पैसेवाल्यांस्नी का इचारायचं न्हाई, माप इचारायचं."

तेरेझिओनं छपराखाली पॉपलरचे जाड ओंडके वाळत घातले होते. ते तिनं बाहेर काढले. बाकाच्या कडीत अडकवलेला तिचा लांब सुरा असायचा. एका हातानं लाकूड फिरवायचं, दुसऱ्यानं सुरा दाबायचा. पण मीटरभर ओंडका मांडीवर कसा धरणार? मग तिनं बाकच दाराबाहेर आणला, ओंडका भिंतीला टेकवला, सुऱ्याला लांब दांडा लावला आणि उभ्यानं काम करायला लागली. सगळा रस्ता बघत होता. ती हाक मारणाऱ्याला शिवी देत होती आणि सुरा चालवत होती.

खडावेचा तळवा कसा असतो? टाचेला गोल, कमानीपाशी आत गेलेला, पुढे रुंद, आणि अंगठ्याकडे किंचित झुकलेला. तोच आकार तिनं वर ठेवला आणि खालपर्यंत मीटरभर उतरवत नेला. कमानीच्या जागी ओंडक्याला कंबर आली. खालून पोकळ केलं, नाहीतर लाकूड तडकतं. वरचा भाग सपाट ठेवला, पट्टा कोण मारेल तो मारेल. आणि अर्थातच एक डावी, एक उजवी. तिच्या हाताला एकसारख्या दोन वस्तू करणं ठाऊकच नव्हतं.

मी म्हटलं, "थोडं पॉलिश मारू का गं?"

"खडावेला पालिश? घसरून मरायचं हाय व्हय राक्षसिणीला?" आणि तिनं मेणाचं फडकं फिरवून विषय संपवला.

एजिदिओ येता-जाता बघायचा. "वहिनी, जळान झ्याक व्हईल. पोलेंता शिजंल चार दीस."

"तुजे सिंह घाल की चुलीत. मुलाम्याचा धूर सोनेरी निगंल."

तीन जोड दारापुढे उभ्या राहिल्या आणि एका सकाळी मिलानची बाई आली. छोटी मोटार, विजार घातलेली, केस पोरासारखे कापलेले. नाव ओत्ताविया रेइना. घरांची आखणी करणारी. नव्या धर्तीचं घर आतून कसं असावं हे लोकांना दाखवण्यासाठी मिलानमध्ये एक घर सजवायचं काम तिच्याकडे होतं. ओरेस्ते तिला मोठ्या दिमाखात वाट दाखवत घेऊन आला.

बाई मोटारीतून उतरली आणि थांबली.

"हे काय आहे?"

"तुमची झोक्कोली, सिन्योरा," एर्सिलिया म्हणाली. "तीन जोड."

"मी बैठका मागितल्या होत्या. फुलदाण्या ठेवायला. आणि त्या कोल्झानींच्या सुतारशाळेत."

चौकातले सगळे रंधे थांबले. ओरेस्ते हळूच माघारी सरकायला लागला. एर्सिलियानं त्याच्याकडे एकदाच बघितलं, आणि तो जागच्या जागी खिळला.

एजिदिओ ॲप्रनला हात पुसत पुढे आला. "मीच तो कोल्झानी, सिन्योरा. चूक झाली, माफी असावी. चला, मी दाखवतो." त्यानं आतून एक खांब आणवला. खाली सिंहाचे चार पंजे, मध्ये द्राक्षांची वेल, वर पानांचा मुकुट. काम सुरेख होतं, खोटं कशाला बोलू? पॉलिश माझंच होतं.

बाईनं सगळ्या बाजूंनी बघितलं. "हात फार चांगला आहे तुमचा," ती म्हणाली. "पंजे काढता येतील का?"

"येतील."

"आणि वेल?"

"ती पण."

"मुकुट?"

एजिदिओनं खांबाकडे बघितलं, मग बाईकडे. "सिन्योरा, मग राहणार काय?"

बाईला हसू आलं. त्याला नाही आलं. तेवढ्यात एर्सिलिया मोटारीपाशी गेली होती. मागच्या सीटवर गवतात गुंडाळलेली निळी फुलदाणी होती, ती तिनं काखेत मारली. "अहो, अहो, ती एकच आहे!" बाई ओरडत धावली. एर्सिलियानं फुलदाणी डाव्या खडावेवर ठेवली, बरोबर टाचेवर, आणि दोन पावलं मागे सरकली.

"आता बोला."

बाई खडावेभोवती फिरली. एका बाजूनं ठोकळा भरदार दिसायचा, दुसऱ्या बाजूनं कंबर दिसायची, तिसऱ्या बाजूनं तो चालायच्या बेतात असल्यासारखा वाटायचा. फुलदाणी मधोमध नव्हती आणि तरी पडेल असं वाटत नव्हतं.

"या सगळ्या वेगळ्या का आहेत?"

"येगळ्या कुटं? डाव्या-उजव्या हायत."

"मी यातल्या तीन घेते. तीन डाव्या."

"न्हाई मिळायच्या."

"का?"

"जोड फुटत न्हाई. तो नाझारेनो बगा, बारच्या दारात उबा हाय त्यो. एक पाय हाय त्याला. तरीबी जोडच घेतोय माज्याकडनं. घ्यायच्या तर जोडीनं घ्या, न्हाईतर फुलदानी उचला."

"वहिनी!" एजिदिओ कळवळून म्हणाला. गिऱ्हाईकाशी असं बोलतात हे त्याच्यानं बघवेना.

बाईनं उजवी खडावा स्वतः उचलली, डावीच्या समोर थोडी लांब नेऊन ठेवली. कंबरा एकमेकींकडे. मधून ती चालत गेली, परत आली, परत गेली. मग तिनं आपल्याशीच बोलावं तसं सांगितलं, की त्या घरात बसायची खोली आणि जेवायची खोली यांच्यात तिनं दार ठेवलेलं नाही, नुसती मोकळी जागा आहे, आणि त्या मोकळ्या जागेचं काय करावं हे तिला उन्हाळ्यापासून सुचत नव्हतं. पडदा नको, कपाट नको. "दार नाही, पण दारात कुणीतरी उभं आहे," ती म्हणाली. "हे हवं होतं मला. आणि मी मागत होते ठोकळे." मग मोठ्यानं, "तिन्ही जोड द्या."

त्या दिवशी एर्सिलियानं ओरेस्तेच्या बारमध्ये सगळ्यांना दारू पाजली, ओरेस्तेलाही.

पण एजिदिओनं दुसऱ्याच दिवशी तिला गाठलं. "वहिनी, आपलं बोलनं ध्यानात हाय न्हवं? सां मार्तीनोच्या दिशी गाडी निगायला पायजे. काल सां मार्तीनो न्हवता. आनि ते काम चुकून आलतं, मला आलतं."

तिला ते कबूल करावं लागलं. शब्द तिचेच होते.

ती पुन्हा बाकापाशी गेली आणि कुणी मागितल्या नसताना उंच खडावा करायला लागली. काही बारीक, काही जरा ठेंगण्या, काही रुंद टाचेच्या. एक जोड तर पोराच्या पावलाची, गुबगुबीत. दुकान भरलं, मग माझ्या खोलीच्या भिंतीला लावल्या. लोक म्हणाले, बाईचं डोकं फिरलं. मीही म्हटलं, "कुणी मागितल्याच नाहीत तर?"

"मिलानात मानसं हायत का न्हाईत? डोळे हायत का न्हाईत त्यांस्नी? मग?"

धुकं पडायला लागलं. कोबी आणि डुकराच्या कालवणाचा वास घराघरांतून यायला लागला, म्हणजे सां मार्तीनो आलाच. ओरेस्तेचा फोन वाजायचा आणि सगळ्यांचे कान टवकारायचे, पण तो वखारवाल्याचा असायचा, नाहीतर कुणाच्या मावशीचा. एर्सिलिया जेवताना गप्प राहायला लागली. ती गप्प म्हणजे घरात कुणी आजारी असल्यासारखं वाटायचं.

सां मार्तीनो उजाडला. रस्त्यावरून गाड्या सुरू झाल्या. गाद्या, मडकी, उलट्या टांगलेल्या खुर्च्या, वर बसलेल्या म्हाताऱ्या. एजिदिओ नवा सदरा घालून आला, हातात फूटपट्टी. खिडकीची रुंदी मापली, मग उंची मापली. एर्सिलिया बाकावर बसून सुरा पुसत होती. पुसलेलाच सुरा पुन्हा पुसत होती.

दुपार कलली. आणि ओरेस्ते धावत आला. खांद्यावर फडकं तसंच, एका पायातला जोडा मागे पडलेला.

"एर्सिलियाक्का! मिलान! ती विजारवाली बाई! लोक रांगा लावून तिचं त्ये घर बघत्यात म्हने! बारा पायजेत, आजच रेल्वेनं धाडा म्हनतीया!"

एर्सिलिया उठली. "बारा नग का बारा जोड?"

"थांब," ओरेस्ते म्हणाला आणि आला तसा पळत सुटला. आम्ही सगळे रस्त्याकडे बघत उभे. बारच्या दारातून त्याचं ओरडणं ऐकू आलं, मग तो बाहेर येऊन दोन्ही हात वर करून नाचायला लागला. "जोड! जोड! जोड!"

आता गाडी? गावातली एकूण एक गाडी त्या दिवशी कुणाचं ना कुणाचं घर वाहत होती. स्टेशनला जायला रिकामी एकही नव्हती. एर्सिलिया रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. समोरून ब्रिव्हिओंची बैलगाडी येत होती. गाद्या, चूल, पिंजऱ्यात कोंबड्या, वर ब्रिव्हिओची आजारी सासू रजईत.

"थांबव रं!"

"एर्सिलियाबाई, अंधार पडायच्या आत नव्या घरी पोचायचं हाय!"

"टेसनावरनंच जायचं हाय न्हवं तुला? तुज्या सासूला मांडी घालून बसू दे जरा. उतर खाली, हात लाव."

मग काय विचारता! अख्खा चौक कामाला लागला. गाद्यांच्या फटीत डाव्या-उजव्या घुसल्या. चुलीत एक गुबगुबीत जोड बसली. सासूच्या दोन्ही कुशीला एकेक उभी राहिली. म्हातारी म्हणाली, "म्या कवा इतकं टेकून बसले न्हवते." कोंबड्या ओरडत होत्या. सुतारशाळेतली माणसं रंधे टाकून ठोकळे देत होती, घेत होती, आणि कुणीच आता जळण म्हणत नव्हतं.

एजिदिओ फूटपट्टी घेऊन खिडकीपाशी तसाच उभा होता. मग त्यानंही फूटपट्टी खिशात घातली, राहिलेली शेवटची जोड दोन्ही काखांत धरली आणि स्वतः गाडीवर चढवून दोरी आवळली. गाठ त्याच्याच हातची, म्हणजे ती सुटणार नव्हती.

"गाडी निगाली वहिनी," तो म्हणाला. "दुकान तुजं. मी बोलनार न्हाई."

एर्सिलिया गाडीच्या मागच्या फळीवर चढून बसली, पाय खाली सोडून. माल स्टेशनात पोचेपर्यंत ती कुणाच्या भरवशावर सोडणार नव्हती.

"भावजी, खिडकीचं माप घेतलंस न्हवं?"

"घेतलं."

"मग काच बशीव. मोटी बशीव. तुला शोरूम पायजे हुती, कर की. डाव्या अंगाला माज्या जोड्या, उजव्या अंगाला तुजे सिंह. पन भाडं घेनार बग."

एजिदिओनं सगळ्यांदेखत टोपी काढून तिला मुजरा केला. ब्रिव्हिओनं बैलांना हाकललं. गाडी एर्सिलियाच्या दुकानाच्या दारातून निघाली, कोंबड्यांसकट, सासूसकट, आणि एर्सिलिया मागे तोंड करून बसलेली, वाटेत भेटेल त्या सुताराला नावानं हाक मारून सांगत होती, "बग रं, मिलानला चालल्यात! जोडीनं चालल्यात!"